साठ भिंतींवर माझं तोंड

ती. आत्याला साष्टांग नमस्कार. (ती. म्हणजे तीर्थरूप असं बाबा म्हणाले. त्याच्यापुढे काय लिहायचं ते त्यांनाही आठवेना, म्हणून पुढचं माझं मीच लिहितेय.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाई मशीन एकाच पायाने चालवू नकोस, असं आईने बजावून सांगितलंय. आम्ही सगळे बरे आहोत. मी हरवलेले नाही. तिकडे काही कानावर आलं असेल तर आधी हे सगळं वाच, मग घाबर.

तुला माहितीये, वर्गात उभं राहून धडा वाचायला लागू नये म्हणून मी आठवीत शाळा सोडली. आता पोस्टर छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. पाठ लोकांकडे, तोंड पडद्याकडे, म्हणजे कामाचं सुखच आहे. मालकांनी (त्यांना सगळे बॉस म्हणतात, त्यांची बायको सोडून) पहिल्याच आठवड्यात माझा फोटो काढला. मी इतकी लाजले की चेहरा आखडूनच गेला, ना हसू ना रडू. बॉस एकदम खूश. म्हणाले, "असा कोरा चेहरा शोधून सापडत नाही, पोरी!" तेव्हापासून गिऱ्हाइकाला नमुना दाखवताना चेहऱ्याच्या जागी मी. दातांच्या दवाखान्याच्या नमुन्यात मला बघून लोक म्हणायचे, किती कळ मारतेय बिचारीला. तोच फोटो गादीच्या दुकानाला लावला की, बघा, किती छान झोप झालीय. क्लासच्या जाहिरातीत तर मी चक्क हुशार दिसते (ती बाबांना दाखवली, ते बराच वेळ बघत बसले). फोटोतला एक केससुद्धा हललेला नसायचा. बॉस म्हणतात, चित्राला स्वतःचं मत नसतं, शेजारी जे लिहाल तेच ते बोलतं. मला बरं वाटलं होतं, चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे. नमुना पसंत पडला की माझा फोटो हटवायचा आणि गिऱ्हाइकाचा टाकायचा, एवढंच माझं काम.

तेवढंच करायचं राहिलं. गेल्या सोमवारी एक बाई आल्या. मुलगी घरातून निघून गेली होती, वय सोळा. पाकिटातून तिचा फोटो दिला आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी घाईघाईने वर 'हरवली आहे' लिहिलं, खाली मुलीचं नाव आणि त्यांचा नंबर टाकला आणि छापायला सोडलं. पाकीट उघडलंच नाही. त्या फोनपाशी बसायला घरी गेल्या, आणि आमच्या माणसाने साठ भिंतींवर माझं तोंड चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना पहिलं पोस्टर दिसलं. आत्या, खरं सांगते, मी मला ओळखलंच नाही. आधी वाटलं, अरेरे, गेली बिचारी. मग अंगावर काटा आला. चेहरा तोच, दातांचा, गादीचा. पण आता ती मुलगी कुठून तरी लांबून, पाण्याखालून बघत होती. रस्त्यावरचे लोक आधी भिंतीकडे बघायचे, मग माझ्याकडे. कुणीतरी मागून हळूच हाक मारायचं, त्या दुसऱ्या मुलीच्या नावाने. मी मान खाली घालून चालायचे. बुधवारी हाक आली आणि मी 'ओ' दिली. का दिली, मला माहीत नाही. त्या दिवशी घरी येऊन आरशात बघायची हिंमत झाली नाही. आणि एक लाल स्कार्फ. ज्या भिंतीवर मी असेन, तिथे लाल स्कार्फवाली कुणीतरी माझ्याकडे पाठ करून उभी असायची. मी जवळ गेले की भिंतीपुढे कुणीच नाही.

गुरुवारी मी सापडले. बसच्या कंडक्टरने मला ओळखलं, तिकिटाचे पैसे न घेता खिडकीत बसवलं आणि पोलीस चौकीपाशी उतरवलं. हवालदार विचारतायत, नाव काय, घर कुठे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. "घाबरलीय पोर," म्हणत त्यांनी पोस्टरवरच्या नंबरला फोन लावला. दहा मिनिटांत त्या बाई धावत आल्या, एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच. मागून त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की क्षणभर मला वाटलं, असू दे, मीच असेन ती. मग त्यांनी माझं तोंड वळवलं. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "म्हणजे तीन दिवस सगळे तुलाच शोधत होते. माझ्या मुलीला कुणीच नाही."

आत्या, तेव्हा मला आवाज फुटला. चुकले म्हणाले, मोठ्याने, चौकीतल्या सगळ्यांसमोर. तशीच दुकानात गेले, खरा फोटो टाकून साठ पोस्टर छापली आणि बादली-ब्रश घेऊन स्वतःच माझ्या तोंडावर तिचं तोंड चिकटवत गेले. (खळ माझ्या डोळ्यांवरून फिरवताना माझे खरे डोळे मिटत होते.) एकोणसाठ झाली. आता काळजीचं कारण नाही. सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
भाची

ता. क. साठावं का राहिलं ते लिहायचं राहिलं. त्या भिंतीपुढे लाल स्कार्फ उभा होता. ती हलली नाही. मला म्हणाली, "ही सापडली का गं?" आणि वळली. माझ्या हातातल्या पोस्टरवर तीच होती. परीक्षेत नापास झाली म्हणून निघाली होती. तीन दिवस लोकांमधूनच फिरली. पहिल्या दिवशी मजा वाटली म्हणाली, तिसऱ्या दिवशी वाटलं की आपण आहोत की नाही. आईच्या एका चपलेचं सांगितलं तेव्हा खाली बसून रडली. घरी जायचंय तिला, पण एकटीला दारात उभं राहवत नाही, आणि मला तर तू ओळखतेसच. तू बोलायला लागलीस की समोरच्याला रागवायला सवडच मिळत नाही.

ता. ता. क. हे पत्र जिने तुझ्या हातात दिलं, ती अजून दारातच उभी असेल. तिला आत घे, आणि आधी तिच्या आईला फोन लाव. पत्र साठाव्या भिंतीवरच्या ज्या पोस्टरमध्ये गुंडाळलंय, त्यावर नंबर आहे. फोटो माझा आहे, पण नंबर बरोबर आहे.