सोळा अंशांतले स्वेटर

१५ डिसेंबर २००५, यवतमाळ

सोळा अंश! आणि हे लोक बर्फात निघाल्यासारखे गुंडाळलेले! सकाळी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात दूध आणायला गेले, तर दूधवाला मफलरमधून म्हणतो, “ताई, आजारी पडसान न वो. कान तं बांधा!” मिनियापोलिसहून निघाले तेव्हा उणे अठरा होतं. इथं बायका साडीवर पुरुषी स्वेटर घालतात, मोज्यांवर अंगठ्याची चप्पल. चौकात पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या काड्यांची शेकोटी, आणि भोवतीचे लोक आठ वाजेपर्यंत हलत नाहीत.

आमच्या घरी तर कहर. आई — भुवयांपर्यंत स्कार्फ, गळ्यापर्यंत स्वेटरची बटणं, मनगटाखाली बाह्या. झोपतेसुद्धा तशीच! साकेत घरातही कानटोपी काढत नाही. “सायनस झालं मले,” म्हणतो. तिशीतला माझा भाऊ, दिसतो म्हाताऱ्यासारखा. पोटभर हसले.

बाबा घरी नाहीत. दारव्ह्याच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग आहे, नंबर लागेपर्यंत तिथंच मुक्काम म्हणे. मी तीन वर्षांनी आले, तरी!

१६ डिसेंबर

बाबा रागावलेत. मला ठाऊक आहे. दिवाळीत फोनवर म्हणाले, “पास हो नाही तं नापास हो, परत ये.” दाताच्या डॉक्टरकीची तिकडची परीक्षा मी दोनदा नापास झालेली, जीव टांगणीला लागलेला. मी तडकले — “काय ठेवलंय तुमच्या त्या कापसात? भाव तरी मिळतो का?” आणि फोन आपटला. त्यानंतर ते एकदाही फोनवर आले नाहीत. दर वेळी साकेतच. “बाबा बाहेर गेले.” “बाबा झोपले.”

परीक्षा संपली त्याच आठवड्यात तिकीट काढलं. त्यांच्यासाठी निळं जॅकेट आणलंय. माझ्या हातानं घालणार आणि माफी मागणार. एवढ्यासाठीच आले आहे.

१७ डिसेंबर

दुपारी आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता. स्कार्फ काढ म्हटलं, तर स्वयंपाकघरात निघून गेली. हट्टी!

१८ डिसेंबर

शेजारच्या कोकिळाकाकू मला पाहिलं की दार लावून घेतात. लहानपणी यांच्याच घरी जेवायचे मी. अमेरिकेला गेले म्हणून परकी झाले का?

साकेतला म्हटलं, दारव्ह्याला ने. “उद्या नेतो.” कालही उद्याच म्हणाला होता.

२० डिसेंबर

परतीच्या एसटीत लिहिते आहे. अक्षर हलतंय.

कुणाला न सांगता एकटीच दारव्ह्याला गेले, जॅकेट पिशवीत घालून. केंद्रावर शेदीडशे गाड्या, माणसं घोंगड्या पांघरून गाड्यांखाली बसलेली. शेवटी वामनराव दिसला. बोरी अरब गावातलं आमचं वावर तोच बटईनं, अर्ध्या वाट्यावर करतो. अंगात मरून रंगाचा स्वेटर, कोपरांना चामड्याचे तुकडे. माझ्या पहिल्या पगारातून बाबांना पाठवलेला!

मला बघून त्यानं दोन्ही हात छातीवर घेतले. “बाई... कवा आल्या?”

“बाबा कुठं आहेत? आणि हा स्वेटर?”

“आईसायबानं देल्ला.” मान वर करेना. “घरी जा बाई तुमी. घरीच इचारा.”

म्हणजे वाटून टाकला! माझी वस्तू अंगाला नको झाली? एका फोनचा एवढा राग? आणि आईनं उचलून देऊनही टाकला! मी तिकडे त्यांच्या थंडीची काळजी करत बसायची, आणि इथं माझ्या आठवणीची ही किंमत. जॅकेट तसंच परत नेते आहे. आता माफीबिफी काही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दारातूनच ओरडले आईवर. स्वेटर का दिलास? बाबा तोंड का लपवतायत?

 आईनं स्कार्फची गाठ सोडली. मग एकेक बटण. कपाळावर कुंकू नाही. गळ्यात मंगळसूत्र नाही. हातात बांगड्या नाहीत. साकेतनं टोपी काढली. डोक्यावर बोटभरही केस नव्हते.

बाबा नऊ नोव्हेंबरलाच गेले. झोपेत. आदल्या आठवड्यात छातीत दुखलं तेव्हा म्हणाले होते, “मले काही झालं तं पेपर होईस्तोवर पोरीले सांगू नका.” आणि पेपर झाल्यावर? हे सहा दिवस? साकेत म्हणाला, “आल्या आल्या तू ते जॅकेट काढलं... मंग तोंडच नाही उघडलं.”

फसवलं मला. आईनं, भावानं, कोकिळाकाकूंनी, अख्ख्या गल्लीनं. बाबांनीसुद्धा! मी गेलेल्या माणसावर रुसून बसले होते, आणि सगळे कान बांधून ऐकत होते.

आईनं अंगातला स्वेटर काढून खुंटीला टांगला. पदरानं मान पुसली, गळा पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लय उकडून राह्यलं होतं मले, माय.”