सांदाच्या पायांची गाठ

४ ऑक्टोबर
सिनेमावाल्यांच्या मोटारीतून वरच्या गावात आले. चाळीस वर्षं गावची मेलेली माणसं न्हाऊ घालून सजवली, पण पुढच्या सीटवर कोणी बसवलं नव्हतं, आज बसले. खोली उबदार आहे. मामालिगा, मक्याची उकड, मात्र नुसता चिखल. सिनेमा लग्नाआधी मेलेल्या पोरीचा. अशीला आम्ही नवरी करून, देवदाराशी लग्न लावून पुरतो. ते मी दाखवायचं. आधीच्या दोन नट्या पळाल्या, कॅमेरावाल्याचा पाय मोडला. तिसरी नटी सांदा, बावीस वर्षांची, नुसती काडी. तिने विचारलं, आजी, नवरा म्हणून झाड का? म्हटलं, पीत नाही, मारत नाही, आणखी काय हवं? पोट धरून हसली.

६ ऑक्टोबर
मेलेल्याचे पाय आम्ही दोऱ्याने बांधतो. पुरण्याआधी बांधणाऱ्या हातानेच गाठ सोडायची, मग तो चालत पलीकडे जातो. जिवंत माणसाचे बांधत नाहीत. हे दिग्दर्शक लाझारला बजावलं. तो म्हणाला, आजी, सगळं खरं हवं, म्हणून तर तुम्हाला आणलं. मीही फुगले आणि सांदाचे पाय बांधले. शॉट संपला, मी वाकायच्या आत कपडेवाल्या दोइनाने कात्रीने दोरा कापला. जेवण निवतंय म्हणे.

७ ऑक्टोबर
सांदा वीतभर पावलं टाकते, पाय बांधल्यासारखी. सगळ्यांना वाटलं, नक्कल करतेय. मी पाय चाचपले. विहिरीतल्या दगडासारखे गार.

९ ऑक्टोबर
आज तिला शवपेटीत निजवलं. लाझार खूश, इतकं छान मेलेलं त्याने कोणी पाहिलं नव्हतं. मी तिच्या नाकाशी आरसा धरला. आरसा स्वच्छ. मग उठली, सूप मागितलं, प्यायली नाही. डॉक्टर म्हणाला अशक्तपणा. गाढव.

१० ऑक्टोबर
गारठा गुडघ्यांच्या वर. दोइनाला दोरा विचारला. चुलीत टाकला म्हणे. सांदाने माझा हात धरला, आईकडे जायचंय म्हणाली. लाझारला म्हटलं, पोरीला सोड बाबा. तो म्हणाला, ही तिसरी आहे आजी, ही गेली तर सिनेमा गेला.

११ ऑक्टोबर
गारठा छातीपर्यंत आला. एकच सुचतं — पुन्हा बांधायचे, आपल्या हाताने सोडायचे. लाझार म्हणाला, बांधा, आम्ही टिपतो. मेल्याला लाज—

१२ ऑक्टोबर, दुपार
बांधले. गाठ सुटेना. माझीच गाठ. सांदा खाटेवर निजलेली, तिचे पाय मांडीवर घेऊन बसलेय — कॅमेरा चालू — ती माझ्याकडेच बघतेय — बोटं दुखली की दोन ओळी लिहिते, नाहीतर ओरडेन —

सुटली.

सांदा उठली. लांब लांब पावलं टाकत दाराबाहेर, देवदाराकडे. लाझार टाळ्या वाजवतोय, सगळे तिच्यामागे पळाले. माझाही जीव भांड्यात—

मांडीवर वजन आहे. दोन पाय. गार. आणि वर, उशीवर, तिचंच तोंड—