सात जानेवारी बचाव मोहीम

५ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे दर्जा राहील.
प्रार्थनेनंतर फादर मार्कियननी बार उडवून दिला. आपल्या युक्रेनियन चर्चचा ख्रिसमस सात जानेवारीवरून पंचवीस डिसेंबरला न्यायचा का, यावर तीन डिसेंबरला मतदान. तिकडे युक्रेनमध्ये बदलला म्हणे. बदलू देत. इथे अमेरिकेत, आमच्या पार्मा गावात आजोबांपासून सातच. त्या दिवशी वडील कारखान्यात खाडा करायचे आणि पगार कापून घ्यायचे. शाळेत पोरं मला चिडवायची, "ए झेनोन, तुमचा सांताक्लॉज रस्ता चुकतो काय रे?" मी रडत घरी यायचो. घरी आईनं बारा पदार्थ मांडलेले असायचे. ते टेबल मी कुणाला हलवू देणार नाही.
संकल्प: सात जानेवारी वाचवायची.

७ नोव्हेंबर
जुनी मंडळी कच खाणार. नातवंडांना एकच सुट्टी बरी पडते म्हणतात. दळभद्री!
दाढी करताना तोडगा सुचला. युद्धामुळे आलेली सहा कुटुंबं. मदत समितीचा अध्यक्ष कोण? मी. त्यांना सोफे कुणी दिले, कोट कुणी दिले? मी. (कोट बायकोनं, ओरिसियानं गोळा केले, पण गाडी माझी.) अस्सल मातीतली माणसं, परंपरा त्यांच्या रक्तात. त्यांना सभासद करून घेतलं की मतदान खिशात.
फादरना म्हटलं, ही माणसं अजून सभासद कशी नाहीत? माणुसकी आहे की नाही? फादर गहिवरले. म्हणाले, झेनोन, तुमच्याबद्दल माझा फार गैरसमज होता. कसला, ते विचारायचं राहिलं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
आमच्याकडे वरच्या मजल्यावर राहणारी इन्ना आणि तिचे वडील वालेरी पेत्रोविच यांना वारसा शिकवायला चर्चच्या तळघरात नेलं. तिथे दर शुक्रवारी बायका पिरोही करतात, म्हणजे उकडलेल्या करंज्या. सारण बटाटा आणि चेडर चीज. इन्नानं विचारलं, काका, हे पिवळं काय? म्हटलं, आपल्या पूर्वजांचं चीज. तिला एकदम खोकला आला.
वालेरी पेत्रोविच खार्किव्हला मेट्रो चालवायचे. म्हणाले, तुमचं युक्रेनियन ऐकलं की मला माझी पणजी आठवते. बिचारे भारावलेच.
ओरिसिया म्हणते, ते तुला हसत होते. चाळीस वर्षं संसार केला, पण हिला भावना कळत नाहीत.

१८ नोव्हेंबर
यांना शिकवावं तितकं थोडंच. इन्नाला आजीचा भरतकामाचा ब्लाउज दिला. घालत नाही, फुगीर जाकीट घालून हिंडते. काल घरी सुशी आणली. निर्वासितांनी सुशी खायची? मग आम्ही सहानुभूती दाखवायची कुणाला?
वालेरी पेत्रोविचांच्या फोनवर खार्किव्हमधल्या हवाई हल्ल्यांचा सायरन वाजतो. माझ्या 'आपली परंपरा' या व्याख्यानात तीनदा वाजला. म्हटलं, बंद करा तो. म्हणाले, मुलगा तिथे आहे. म्हटलं, मग निदान आवाज कमी ठेवा. माझ्याइतकं समजून घेणारा यजमान त्यांना मिळणार नाही.

२५ नोव्हेंबर
प्रचारसभा. सहाही कुटुंबं हजर. मी गरजलो, आपला खरा सण वाचवायचा की नाही? सगळे ओरडले, वाचवायचा! म्हटलं, दुसऱ्यांनी लादलेली तारीख चालेल का? नाही, नाही! एक बाई तर रडल्या. नेमकी कुठली तारीख, ते बोललो नाही. रक्तात असलेलं सांगायचं काय?
ओरिसिया म्हणाली, एकदा नीट विचारून घे. म्हटलं, तू कॉफीचं बघ.

३ डिसेंबर, रविवार
सगळ्यांना स्वतः गाडीनं आणलं. तीन खेपा. बर्फ पडत होता.
फादर म्हणाले, पंचवीस डिसेंबर हवा असेल त्यांनी हात वर करा. पहिला हात इन्नाचा. मग तिच्या वडिलांचा, मग माझ्या सगळ्या खेपांचा. ओरिसियाचासुद्धा! सात जानेवारीला दोन हात. एक माझा. दुसरा म्हाताऱ्या स्तेफानियाबाईंचा. त्यांना खिडकी लावून हवी होती.
परतताना इन्नाला विचारलं, हा विश्वासघात कशासाठी? ती म्हणाली, "काका, सात तारखेला आमच्यावर बॉम्ब टाकणारे रशियन मेणबत्त्या लावतात. माझा भाऊ त्यांच्यासमोर उभा आहे. त्यांच्या पंगतीला आम्ही कसे बसू? आणि लादलेली तारीख नको, असं तुम्हीच तर म्हणालात. बाबा म्हणाले, माणूस तिरसट आहे, पण आपलं दुःख याला कळलं."
माझ्याकडे उत्तर होतं. पण समोर वळण आलं.

२४ डिसेंबर
निषेध. सगळे चर्चच्या हॉलमध्ये जेवायला, मी घरी. ओरिसिया म्हणाली, चल रे, हट्ट सोड. म्हटलं, हट्ट नाही, तत्त्व आहे. ती म्हणाली, मग तत्त्वाला जेवायला वाढ, आणि गेली.
इन्नानं पिरोहीचा डबा पाठवला. परत पाठवणार होतो. पण भरलेला डबा परत करणं असभ्य दिसतं, म्हणून रिकामा केला. चेडर नव्हतं. तरी तळ दिसला.

६ जानेवारी, शनिवार
आज खरी ख्रिसमसची रात्र. ओरिसिया म्हणाली, माझा एक ख्रिसमस झाला, दुसऱ्यासाठी कंबर उरली नाही. म्हटलं, मी समर्थ आहे.
बारा पदार्थांपैकी गव्हाची खीर करपली. डबाबंद घेवडा, डबाबंद मश्रूम, लोणचं, ब्रेड. लोणच्याचं पाणी वेगळं धरलं तर सहा.
पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नसतं. तारा बघायला बाहेर पडलो. आभाळ भरलेलं. तेवढ्यात घंटा ऐकू आल्या. बरं वाटलं. गावात कुणालातरी तारीख ठाऊक आहे! आवाजामागे गेलो. मागच्या रस्त्यावरचं रशियन चर्च. नटूनथटून माणसं आत चालली होती, पोरांच्या हातात मेणबत्त्या. अगदी आमच्यासारखं.
एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेतला. बोलला रशियनमध्येच, पण कळलं. "बाहेर थंडीत का उभे, भाऊ? आत या. सात तारीख पाळणारे या भागात आता आपणच उरलो."
'आपण' म्हणाला. मी माझं युक्रेनियन आडनाव सांगायला तोंड उघडलं. सांगितलं नाही. माणूस चांगला होता, ते तर आणखीच वाईट. वडील आठवले. लाज वाटली, फार लाज वाटली. 'तुम्हालाही शुभेच्छा' असं पुटपुटलो आणि घरी आलो, जवळजवळ पळतच.
ओरिसियानं विचारलं, दिसला का तारा? म्हटलं, ढग आहेत. तिनं कालचे खिम्याचे कटलेट गरम करून वाढले. आज उपास असतो, मांस चालत नाही. तीन खाल्ले.