चार वाजताची टुंग

३ मार्च, मंगळवार
आणि वर मलाच सांगतात, आई, डोळे तपासून घ्या! माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते मी. दुकानातला चांगला चालता स्क्रीन जावयांनी काढला आणि हा नवा, खिडकीएवढा, आणून बसवला. म्हणे एकदम क्लिअर. आहे ना क्लिअर. कॉम्प्युटरमध्ये नातवाचे ढीगभर व्हिडिओ भरून दिलेत, त्यात पोराच्या नाकातला शेंबूडसुद्धा दिसतो. पण आमच्या ह्यांचा भरतकामाचा प्रोग्राम उघडला की अक्षरं मुंगीएवढी. मुंगी निदान हलते तरी. स्क्रीन मोठा आणि अक्षर बारीक, हा कुठला शहाणपणा?
जावयांनी सेटिंगमध्ये जाऊन सगळं मोठं केलं. घड्याळ मोठं झालं, बाण मोठा झाला, ह्यांचा प्रोग्राम जिथल्या तिथे. जुना आहे, ऐकत नाही म्हणाले. मालकावर गेलाय.
ठरवलं: चष्मा नाही म्हणजे नाही. दोन दिवसांत सवय होते.

५ मार्च, गुरुवार
सवय झाली. वाचायचं कशाला, कुठलं बटण कुठे ते पाठ आहे.
दुपारी उशांच्या अभ्र्यांवर गुलाबाऐवजी आगीचा बंब उमटला. चार अभ्रे. मशीन चालवणारी ढमी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती. तिला म्हटलं, धागा लाल होता ना? मग झालं तर.

६ मार्च, शुक्रवार
आज एक झालं. चार वाजता कॉम्प्युटरमधून टुंग आवाज आला. हे चहा हवा असला की तोंडाने मागायचे नाहीत, कपावर चमचा वाजवायचे. अगदी तस्सा. आणि वेळही तीच.
बघते तर स्क्रीनच्या मधोमध तिळाएवढी चौकट. आत एक ओळ, खाली दोन बटणं. ओळ वाचता आली नाही, उजेड आडवा येत होता. पण डावं ‘हो’ आणि उजवं ‘नाही’, हे जुन्या स्क्रीनपासून ठाऊक आहे. ह्यांनी काही मागायचा अवकाश, मी आधी नाही म्हणायचे आणि मग ऐकायचे काय ते. आता माणूस जाऊन वर्ष होत आलं. कुठे नाही म्हणू?
‘हो’ दाबलं. चौकट लगेच गेली. समाधान झालं असावं.
स्क्रीन बंद केला तर काळ्या काचेत माझ्यामागे कोणीतरी उभं. वळून पाहिलं. खुंटीवरचा ह्यांचा शर्ट. शर्ट तिथेच राहील.

९ मार्च, सोमवार
परत चारला टुंग. ‘हो’.
नांगराचं डिझाइन सापडेना. गुलाबही नाही. ढमी म्हणाली, काकू, परवापर्यंत होता की. ओळीतली बारकी चित्रं खरंच कमी झालीत, ते मला चष्म्याशिवाय दिसतं.
मला कळलं. हे आपली डिझाइनं न्यायला येतात. एकेक चित्र माऊसने काढलंय ह्यांनी, जिभेचं टोक बाहेर ठेवून. तिकडे रिकामं बसवत नसेल. भीती वाटली. खोटं कशाला, बरंही वाटलं.
ठरवलं: चारच्या आधी वेणीफणी करून बसायचं.

११ मार्च, बुधवार
हॉटेलचा मॅनेजर आला होता. टॉवेलवर काकांचा हंस हवाय, पूर्वी दिला होता तसाच. जुन्या टॉवेलांची आता फडकी झालीत म्हणाला. पुढच्या शुक्रवारी नमुना न्यायला येईल. पसंत पडला तर अख्ख्या हॉटेलचं काम आपलं, नाहीतर मशीनवर कापड टाकून ठेवायचं आणि ढमीने दुसरीकडे बघायचं. मी छातीठोक सांगितलं, हंस घरचा आहे, कुठे जातोय?
चारला टुंग वाजली तेव्हा ढमी कापड तपासायचं भिंग घेऊन आली. काकू, वाचा तरी एकदा काय म्हणतोय तो. मी म्हटलं, भिंग कापडासाठी असतं. आणि हे नवरा-बायकोतलं आहे, तू मधे तोंड घालू नकोस.
‘हो’.

१३ मार्च, शुक्रवार
स्क्रीनसमोर कपभर चहा ठेवला. मोठ्याने बजावलं, हवं ते न्या, हंस तेवढा राहू द्या. आज टुंग थांबेचना. एकामागून एक. एवढी कसली घाई सुटलीय? सगळ्यांना ‘हो’ म्हटलं. ढमी लवकर घरी गेली. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणे.

१५ मार्च, रविवार
लेक आणि जावई आले. तेवढ्यात टुंग. जावयांनी नाक स्क्रीनला टेकवलं, तरी वाचता येईना. बघा! तरणेताठे, चष्मेवाले! शेवटी मोबाइलवर फोटो काढून बोटांनी मोठा केला आणि वाचून दाखवला. जागा संपत आली आहे, सगळ्यांत जुनं डिझाइन कायमचं पुसायचं का?
लेकीने हळूच विचारलं, आई, तू काय दाबत होतीस?
डावं, म्हटलं.
जागा व्हिडिओंनी खाल्ली होती. जावयांनी ते काढले, मग दोन तास खटपट केली. पुसलेलं काही परत आलं नाही. हंस गेला. जेवणात मीठ जास्त झालं होतं, तरी जावयांनी भाजी दोनदा घेतली.

१६ मार्च, सोमवार
चार वाजले. टुंग नाही. साडेचार झाले. जागा झाली ना आता, कशाला वाजेल? चहा ओतून दिला.
ढमी नसताना भिंग स्क्रीनला लावलं. एकच चित्र उरलंय, सगळ्यांत शेवटचं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी काढत बसले होते ते. जेवायला हाका मारून मारून मी मेन स्विच बंद केला होता, तेच. पंख आहेत, पोट आहे, मान नाही.
अहो, हा हंस आहे की बदक? मान डावीकडे वळवायची की उजवीकडे? शुक्रवारी हॉटेलवाला दारात उभा राहील, ढमीला गुरुवारी टाके घालायला बसवायचंय. बुधवारी चार वाजेपर्यंत मला उत्तर पाहिजे. चहा ठेवते.
आणि अक्षर मोठं काढा. डोळे उत्तम आहेत माझे, पण न वाचता ‘हो’ म्हणणार नाही आता.