सीट आपोआप खाली जाते

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सायकल आली. निळी. ग्रॅव्हल बाईक म्हणतात हिला. साधी सायकल नव्हे, हे घरात तीनदा समजावलं. डांबर सोडून खडी, माती, नदीकाठ, जंगल, डोंगर, कुठेही जाते. आईने विचारलं, चांगला रस्ता असताना तो सोडायचाच कशाला. तिच्याशी वाद घातला नाही.

साडूने गेल्या वर्षी अशीच एक घेतली आणि नदीच्या खोऱ्यातून, जंगलातून, पलीकडच्या टेकड्यांवर जाऊन आला. तेव्हापासून कुणाच्याही घरी जेवायला बसलं की तेच पुराण. यंदा नऊ नोव्हेंबरला तो पुन्हा राइड काढतोय. यंदा मी पुढे असणार आणि तो माझ्या मागे धूळ खाणार.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणे.

बायकोने विचारलं, एकदा मी चालवून बघू का. तिला सांगितलं की सायकल माझ्या मापाने बसवलेली आहे, सीटची उंची बोटभर जरी हलली तरी गुडघे जातात. बरं म्हणाली. समजूतदार आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार
गजर वाजला नाही. वाजला असं आई म्हणते. मला ऐकू आला नाही, म्हणजे वाजला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
गेलो. नदीकाठच्या खडीच्या रस्त्यापर्यंत पोचलो. तिथे हाडं खिळखिळी झाली, हातांना मुंग्या आल्या. टायरमध्ये हवा कमी असणार. घरी येऊन पंपाने दगडासारखी कडक भरली. गुडघा दुखतो. आठवडाभर विश्रांती. तज्ज्ञही सांगतात की विश्रांती हा सरावाचाच भाग आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
विश्रांती संपवून सायकल पुसायला घेतली तर सीट दोन बोटं खाली! टायर मऊ! चाकांना माती! बाल्कनीत उभी असलेल्या सायकलची ही दशा. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सीट आपोआप खाली जात नाही, कुणीतरी करत असेल. शिवाय खडीसाठी हवा थोडी कमीच ठेवायची असते असंही म्हणाला. गिऱ्हाईकालाच खोटं पाडायचं, ही जुनी युक्ती. सीट वर केली, हवा कडक भरली. माती वाऱ्याने आली असावी.

१५ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी उठणारच होतो. पण आकाश भरून आल्यासारखं वाटलं. नंतर कळलं की खिडकीचा पडदा ओढलेला होता.

ऑफिसात कटकट. आमच्या पाणीपट्टी विभागात तक्रारीचं टेबल माझ्याकडे. एक निवृत्त गृहस्थ आले. म्हणे आम्ही दिवसभर बाहेर, तरी मीटर फिरतो, तुमचा मीटर बिघडलाय. मी त्यांना शांतपणे सांगितलं, ‘काका, मीटर खोटं बोलत नाही. घरातलंच कुणीतरी नळ उघडतंय.’ ते चिडले. त्यांच्या घरात तसं कुणी नाही म्हणे. माणसं घरच्यांवर किती आंधळा विश्वास टाकतात. मी तर रोज बघतो.

चहाच्या वेळी साठेबाई, म्हणजे साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई, यांना पहाटेच्या नदीकाठाचं वर्णन ऐकवलं. धुकं, पाखरं वगैरे. त्यांना फार आवडलं. घरी आईलाही ऐकवलं. आई बायकोकडे बघत राहिली. तिला कौतुक लपवता येत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
सीट पुन्हा खाली. सीटच्या दांड्यावर लाल रंगाची बारीक रेघ दिसली, नेलपॉलिशसारखी चमकते. कंपनीची खूण असावी. पण खूण माझ्या मापापेक्षा खाली आहे, म्हणजे कंपनीचंही चुकलंय. वर करायला गेलो तर सीटच्या बोल्टची किल्ली गायब. ड्रॉवर उपसला. बायकोला विचारलं, तिने शोधून आणून दिली. कुठे होती ते सांगितलं नाही.

आई हल्ली पहाटे दोन कप चहा करते. या वयात एवढा चहा बरा नव्हे. सांगायला हवं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
आश्चर्य. सायकलच्या मीटरवर तीनशे किलोमीटरच्या वर आकडा. मी फार तर आठ चालवली असेल. हा मीटर फोनमधल्या ॲपला जोडलेला, ॲप माझ्या नावाचं, आणि साडूही त्यात. त्याचा फोन आला. म्हणाला, नदीकाठचा चढ इतक्या लवकर कुणी चढलं नव्हतं, कमाल आहे. त्याचा सूर जरा विचित्र वाटला. जळतो.

विचार केला. मीटर खोटं बोलत नाही हे मीच जगाला सांगतो. तेव्हा माझ्या मनाची जी तयारी झाली आहे ती कुठेतरी उतरली असेलच. साडूला म्हटलं, ‘अजून पूर्ण जोर लावलेला नाही.’

२९ ऑक्टोबर, बुधवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फाईल नाही, वेगळाच विषय. आज सकाळी नदीकाठी तुमची निळी सायकल बघितली म्हणाले, चढावर काय जोर होता! मी नम्रपणे हसलो. निळ्या सायकली शहरात पुष्कळ असतील, पण साहेबांना खोटं पाडायचं का? सगळ्या ऑफिसात बातमी झाली. शिपायाने माझ्यासाठी दार धरलं.

बायकोच्या तळहातांना घट्टे पडलेत. कपडे पिळून पडले असणार. वॉशिंग मशीन दुरुस्त करून घेणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
साडूने मला पुढच्या गटात घातलं. खोरं, ओढा, मग जंगलातला चढ, मग टेकड्या. दम लागणारे मागच्या गटात, खाण्यापिण्याचं सामान घेऊन मेव्हणी गाडीने मागून येणार. बायको तिच्याबरोबर गाडीत बसेल. तिला म्हटलं, कंटाळशील. म्हणाली, नाही कंटाळणार.

आता पाचच दिवस. उद्यापासून नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार
कुणीतरी पुन्हा हवा सोडली होती. पूर्ण भरली, वर आणखी चार पंप. सीट वर केली. आता काही राहिलं नाही. उद्या साडूचा चेहरा बघायचाय.

९ नोव्हेंबर, रविवार
लिहावंसं वाटत नाही. पण कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर मी पुढे होतो. निदान सुरुवातीला. खडी लागली तशी सायकल उड्या मारायला लागली. मी एकीकडे, ती दुसरीकडे. ओढ्याच्या गोट्यांवर चाक सटकलं आणि मी बसलो. पाण्यातच. ओढा खोल नव्हता, तेवढं बरं. पुढचा गट थांबला. साडूही थांबला. गाडी आली.

बायको उतरली. लागलं का विचारलं, कोपर बघितलं, पुसलं. मग सायकल उचलून काठावर नेली. खिशातून किल्ली काढली. तीच किल्ली. सीट लाल रेघेपर्यंत खाली घेतली. मग चाकाशी वाकून अंगठ्याने हवा सोडली, एक चाक, दुसरं चाक, मध्ये बोटाने दाबून बघितलं. हे सगळं करताना ती एकदाही थांबली नाही. मी काय करतेस म्हणून विचारलं.

‘अहो, एवढ्या कडक टायरवर खडीतून कोण जातं?’ म्हणाली. ‘तुम्ही रोज भरता आणि मी रोज सोडते.’

मी ओल्या पँटमध्ये उभा होतो. तिने हेल्मेट बांधलं. माझंच. मग म्हणाली, ‘जाऊ का?’

मी काहीतरी बोललो असेन. ती गेली.

मेव्हणी म्हणाली, भाऊजी, पुढे बसा, हीटर लावते. गाडीत कळलं की मेव्हणीला माहीत होतं. साडूला पहिल्यापासून माहीत होतं. आईला तर सगळ्यांत आधी, पहाटेचा दुसरा कप बायकोचाच होता. माझ्या स्वतःच्या आईने माझ्याच घरात माझ्याविरुद्ध चहा केला.

जंगलातला चढ गाडीच्या काचेतून बघितला. निळी सायकल झाडांतून दिसायची, मग नाही, मग वळणावर आणखी वर. टेकड्यांवर ती सगळ्यांच्या पुढे होती. साडू तिच्या मागे धूळ खात होता. म्हणजे ठरवलं होतं तसंच झालं, हे नोंदवून ठेवतो. आनंद मात्र झाला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
रजा टाकली. घरात सगळे नेहमीसारखे वागतात, त्याचाच जास्त राग येतो. एका घरात राहायचं, एका ताटलीतली बिस्किटं खायची आणि माणसाला महिनाभर मूर्ख बनवायचं. परक्याने केलं असतं तर मी तक्रार तरी केली असती.

बायकोला विचारलंच. मला सांगितलं का नाहीस?

‘सांगायलाच आले होते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आईंना नदीकाठचं धुकं सांगत होता. मी त्याच पहाटे तिथून जाऊन आले होते. मग सांगितलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता.’

म्हणजे हे सगळं माझ्यासाठी केलं. वा. मग विचारलं, धुकं असतं का तिथे? नसतं म्हणाली. पाखरं असतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसात साहेबांनी मिसेसना अभिनंदन कळवायला सांगितलं. म्हणजे त्यांनाही कळलं. साठेबाई माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसल्या, ते सर्वांत वाईट.

दुपारी ते निवृत्त गृहस्थ परत आले. म्हणाले, तुमचं खरं निघालं, घरातलंच माणूस होतं. सून पहाटे उठून गच्चीवर झाडं लावते, पाणी घालते. सगळी गच्ची हिरवी झालीये म्हणे, आणि मला कुणी सांगितलं नाही. मी त्यांना खुर्ची दिली. चहा मागवला. आम्ही दोघांनी तो बरोबर बसून प्यायला.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुरे झालं. सायकल माझी आहे, हे एकदा स्पष्ट व्हायला हवं. उद्यापासून पहाटे पाचला मी जाणार. गजर ऐकू येतो हल्ली. त्यानंतर दार लोटल्याचा आवाजही येतो.

संध्याकाळी बाल्कनीत गेलो. हवा दाबून बघितली, बोटाने, बायको बघते तशी. बरोबर आहे की नाही ते कळलं नाही. सीट माझ्या मापाला वर घ्यायची होती. ड्रॉवरमध्ये किल्ली नव्हती. ती कुठे ठेवतेस, हे तिला विचारावं लागलं असतं.

सीट खालीच ठेवली.