एकेचाळिसाव्या फाईलची व्यवस्था

मी, यशश्री गिरिधर उढाण, वय अठ्ठावीस वर्षे, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासणीचे काम करते. आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून, कोणी सांगितले म्हणून किंवा कोणावर रागावून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी दोनदा विचारले, "मग मृत्युपत्र कशाला?" त्याचे उत्तर असे की गॅसचे बटण बंद केले का हे मी तीनदा पाहते. ज्या वस्तूमुळे दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते ती मागे ठेवून जायचे असेल तर तिची व्यवस्था लावूनच गेले पाहिजे. अशी वस्तू गेल्या महिन्यापर्यंत माझ्याकडे नव्हती. आता आहे. ती म्हणजे माझ्या गाडीच्या इंजिनाचा संगणक ज्या फाईलवर चालतो ती, मी स्वतः तयार केलेली एकेचाळिसावी फाईल. ती चुकीच्या हातात पडली तर कोणाचे तरी इंजिन जळेल. बाकी सगळी कलमे किरकोळ आहेत, तरी क्रमाने लिहिते.

कलम १. घर आणि वर्कशॉप वडिलांच्या नावावर आहेत. त्यावर काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण माझे पहिले शिक्षण तिथेच झाल्याने उल्लेख करणे भाग आहे. वडील गिरिधर मच्छिंद्र उढाण, ज्यांना मी अण्णा म्हणते, पस्तीस वर्षे हायवेलगत ट्रक-ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करतात. आई वंदना मी दोन वर्षांची असताना वारली. शाळा हायवेच्या पलीकडे होती आणि आत्या तुळजाबाई मला तो रस्ता ओलांडू देत नसे, म्हणून तिसरीपर्यंतचे सगळे मी घरीच शिकले आणि शाळेत थेट चौथीत बसले. अक्षरे आत्याने शिकवली, दशांश अण्णांनी. पंप तपासण्याच्या मशीनवर काचेच्या सहा नळ्या असतात. पंप फिरवला की प्रत्येक नळीत तेल पडते आणि सहाही नळ्यांत ते सारखे पडावे लागते. त्या नळ्यांवरच्या रेषा वाचता वाचता मी मोजायला शिकले. अण्णांचा दुसरा धडा असा: "धूर काळा निघाला की तेल जास्त. तेल कमी कर, इंजिन थंड पडतं." हा धडा मी कधी विसरले नाही. त्याचे काय झाले ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बँकेतील मुदत ठेव आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम आत्या तुळजाबाई हिला द्यावी. तिने त्यातून माझ्या नावाने गावजेवण घालू नये. डोळ्याचे ऑपरेशन करावे. तीन वर्षे ती "पुढच्या उन्हाळ्यात" असे सांगत आहे. माझ्या साड्या, ज्या एकूण सहाच आहेत, तिने वाटून टाकाव्यात. त्यातली निळी आधी ड्रायक्लीन करून घ्यावी. पदराला ग्रीस लागले आहे.

कलम ३. तीन सिलिंडरची, टर्बो बसवलेली लाल पेट्रोल गाडी. ही मी परतूरच्या एका शिक्षकांकडून जुनी विकत घेतली. कागदपत्रे कपाटातील हिरव्या फाईलमध्ये आहेत. इंजिनाच्या संगणकात बदल केल्याचे विमा कंपनीला लेखी कळवले असून त्यांचे उत्तर तिथेच आहे. ही गाडी अण्णांना द्यावी. विकायची झाली तर कंपनीची मूळ फाईल परत टाकूनच विकावी. मूळ फाईलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, त्यातली एक आत्याच्या गव्हाच्या कोठीत आहे.

गाडीला हात लावण्याचा माझा विचार नव्हता. जालन्यात भुजंग नावाचे गृहस्थ गाड्यांची ताकद वाढवून देतात. मी फक्त चौकशीला गेले होते.

"ताई, फाईल रेडी हाय," ते म्हणाले. "दहा मिनटांत टाकून देतो. सगळ्यांला हीच टाकतो."

"माझ्या गाडीला ती चालते हे तुम्ही कसं तपासता?"

"तपासायचं काय त्यात? ह्याच मॉडेलची हाय न गाडी?"

माझ्या कामात एकाच वाणाच्या दोन पोत्यांचीही उगवण सारखी धरता येत नाही. प्रत्येक पोत्यातले बी वेगळे मोजावे लागते. मी गाडी घेऊन परत आले आणि स्वतः शिकायचे ठरवले. संगणकातली फाईल वाचणारी केबल मागवली. आत आकड्यांचे तक्ते निघाले: इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना आणि किती भाराला इंधन किती, ठिणगी कधी, टर्बोचा दाब किती. आठ महिने मी फक्त वाचले. एकही आकडा बदलला नाही. अण्णा म्हणायचे, "गाडी शिकून राह्यली का पोथी वाचून राह्यली?"

कलम ४. जळालेला पिस्टन, नग एक. हा माझा चुलतभाऊ हरिओम याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ठेवला आहे. त्याने तो माझ्या परवानगीशिवाय ठेवला, तरी मालकी माझी आहे.

आठ महिन्यांनंतर मी टर्बोचा दाब थोडा वाढवला. चाचणी एका बांधून झालेल्या पण वाहतुकीला न उघडलेल्या रस्त्यावर केली. ठेकेदाराची लेखी परवानगी हिरव्या फाईलमध्ये आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी दिसली. मला भीती वाटली. म्हणून मी, अण्णांनी शिकवल्याप्रमाणे, इंजिन थंड राहावे यासाठी इंधन कमी केले. पुन्हा काजळी दिसली, पुन्हा कमी केले. तिसऱ्या वेळी पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज आला आणि गाडीतला दम गेला. इंजिन खोलले तेव्हा एका पिस्टनची कड वितळली होती.

हरिओमने तो हातात घेऊन उजेडात धरला. "यशे, किती टक्के उगवलं गं इंजिन?"

दुसऱ्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "बघा पाटील, लॅपटॉपनं जाळलेला पिस्टन. गॅरंटी न्हाई, वारंटी न्हाई."

मी अकरा दिवस गाडीच्या संगणकातली नोंद वाचत बसले, आणि मग माझी चूक मला सापडली. डिझेलमध्ये इंधन कमी केले की ज्वाला थंड होते. जोराने धावणाऱ्या टर्बोच्या पेट्रोल इंजिनात उलट आहे. तिथे जादा इंधन आतली उष्णता शोषून घेते. ते कमी केले की ज्वाला तापते आणि पिस्टन वितळतो. मी घाबरून जी जी काळजी घेतली, तिनेच इंजिन जाळले. पेट्रोलवाल्यांच्या घरातली मुलगी ही चूक करणार नाही. ती पंपवाल्याच्या मुलीनेच करावी अशी आहे.

हे मी वर्कशॉपमध्ये चार ड्रायव्हर बसलेले असताना मोठ्याने सांगितले. हरिओमही होता. अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला.

"तेल कमी कर म्हून तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मंग अर्धा पिस्टन माझा. हरिओम, अर्धाच ठुव काउंटरवर."

सगळे हसले. मीही हसले, दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

तो पिस्टन मी हरिओमला देते. अट एकच: त्याच्याखाली "इंधन कमी केल्यामुळे जळाला" अशी चिठ्ठी कायम असावी. लॅपटॉपचा दोष नव्हता. चिठ्ठी मी आधीच लिहून दिली आहे आणि हरिओमने ती चिकटवली आहे. आता तोच गिऱ्हाइकांना कारण समजावतो आणि ते त्यानेच शोधल्यासारखे सांगतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कलम ५. हत्यारे. इंजिन पुन्हा बांधताना अण्णांनी दिलेला टॉर्क पाना त्यांचाच आहे, तो त्यांच्या खुंटीवर परत लावावा. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गाडीसोबत राहील. इंजिनाच्या ब्लॉकवर लावायचा छोटा माइक आणि हेडफोन अण्णांना द्यावेत.

यामागे एक जुना वाद आहे. अण्णा नेहमी म्हणत, "कॉम्प्युटरला कान नस्तात." मला त्याचा राग येत असे, कारण इंधन अवेळी पेटल्याचा ठोका ओळखणारा सेन्सर गाडीत कंपनीनेच दिलेला असतो. पण पिस्टन जळाल्यावर माझा कोणत्याच एका यंत्रावर विश्वास उरला नव्हता. मी इंजिनावर माइक लावला, वायर आत घेतली आणि हेडफोन अण्णांच्या हातात दिला. तोपर्यंत ते त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि अनवाणी आत बसले.

पुढची फाईल करताना मी इतकी घाबरले होते की ठिणगी एका वेळी अर्ध्या अंशानेच सरकवायची आणि दहा वेळा नोंद घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम केला. अशा चाळीस फाईल झाल्या. चाळिसाव्या फाईलवर गाडी अशी ओढायला लागली की मी स्वतःशीच मोठ्याने "अरे!" म्हणाले. नोंद स्वच्छ होती, एकही ठोका नव्हता. मी खूश होते. अण्णांनी हात वर केला.

"थांब. काही तरी टिक् वाजलं."

"नोंदीत काही नाही, अण्णा."

"तुझ्या नोंदीत नसंल. माझ्या कानात हाय. पुन्हा पळव."

तीनदा पळवली. तिन्ही वेळा अडतीसशे फेऱ्यांवर त्यांचा हात वर झाला, बरोबर त्याच जागी.

कलम ६. माझ्या चुकांची वही, पाने दोनशे, जालन्याचे श्री. भुजंग यांना द्यावी. यात टोमणा नाही. गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला गाडीची ताकद मोजण्याच्या रोलरवर मी गाडी नेली, तेव्हा ते एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन तिथेच आले होते. त्यांची तयार फाईल टाकलेल्या त्या गाडीचे इंजिन ठोके ऐकून स्वतःच ताकद कमी करत होते. माझी गाडी कंपनीच्या फाईलवर चाकांवर एकशे चार अश्वशक्ती देत होती. त्या दिवशी एकेचाळिसाव्या फाईलवर तिने एकशे सव्वीस दिली, सलग पाच वेळा, एकही ठोका न देता. रोलरवाल्याने विचारले, "ट्यून कोणाचं?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

भुजंग बाहेर गाठून म्हणाले, "ताई, फाईल द्या की मला. नाव तुमचंच सांगतो."

"सगळ्यांना टाकाल?"

त्यांनी गिऱ्हाइकाच्या गाडीकडे पाहिले. खोटे बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. फाईल त्यांना कधीही देऊ नये. वही जरूर द्यावी. तीत कोणत्या आकड्याने काय बिघडले ते तारखेसह आहे, आणि ते कोणत्याही गाडीला उपयोगी पडेल.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी प्रयोगशाळेतील सहकारी नीला हिने करावी. तिला यातून काही मिळत नाही. तिने तशी अट घातली, कारण मिळाले तर मी तिच्याकडून पावती मागेन असे ती म्हणाली.

कलम ८. एकेचाळिसावी फाईल. कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर ही फाईल सर्व प्रतींसह पुसून टाकावी. ती कोणाला द्यावी हे मला सुचत नव्हते. हरिओम उत्साहाच्या भरात ट्रॅक्टरलाही टाकून बघेल. भुजंगांबद्दल वर लिहिले आहे. अण्णा म्हणत, मला स्क्रीन वाचता येत नाही. दुसऱ्याचे इंजिन जाळण्यापेक्षा पुसलेली बरी, असे मला वाटले. मागच्या रविवारी मी मसुदा अण्णांना वाचून दाखवला.

"पुसायची कामून?" ते म्हणाले.

"चुकीच्या हातात गेली तर?"

"आन त्या दिवशी मी काय केल्तं, ते बी पुसणार का?"

त्या दिवशी काय झाले ते नोंदवणे माझे कर्तव्य आहे. अडतीसशे फेऱ्यांवरचा आवाज तीनदा ऐकल्यावर अण्णांनी हेडफोन काढला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. चष्मा वर-खाली केला. "ह्या तक्त्यात ती जागा कोणती?" मी रकाना दाखवला. "ठिणगी एक अंश मागं घ्यायची?" मी हो म्हटले आणि हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. बोट शर्टाला पुसले. मग आकड्याला हात लावण्याआधी माझ्याकडे बघून विचारले, "जुनी ठुली का बाजूला?"

मी जुनी फाईल वेगळ्या नावाने ठेवली होती. त्यांनी खात्री करून घेतली, मगच आकडा बदलला. ती एकेचाळिसावी. रोलरवाल्याने आपला सेन्सर लावून दोन्ही फाईल तपासल्या. चाळिसाव्या फाईलमध्ये अडतीसशेवर ठोका होता, माझ्या गाडीच्या सेन्सरने तो पकडलाच नव्हता. एकेचाळिसावीत नव्हता.

म्हणून मी कच्चा मसुदा रद्द करते. तो रकाना माझा नाही, अण्णांचा आहे. जे माझे नाही ते पुसण्याचा हुकूम मला देता येत नाही. फाईलमधील माझा सर्व हिस्सा मी श्री. गिरिधर मच्छिंद्र उढाण यांना देते. माझ्याआधी त्यांचे काही झाले, तर त्यांनी शिकवलेल्या आणि आकडा बदलण्याआधी जुनी फाईल बाजूला ठेवली का हे आपणहून विचारणाऱ्या व्यक्तीला नीलाने ती द्यावी. ती दुसऱ्या कोणत्याही गाडीत टाकू नये. बेचाळिसावी फाईल करायला अण्णांना माझ्या परवानगीची गरज नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, चारदा वाचले आणि दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली. दोघांनीही माझ्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यातून काहीही मिळत नाही.

सही: यशश्री गिरिधर उढाण

साक्षीदार १: चिन्मयी रखमाजी तौर, शिक्षिका, अंबड. सही.

साक्षीदार २: सगुणाबाई पांडुरंग खोजे, शेजारी, वडीगोद्री. सही. (बाईंनी सही करण्यापूर्वी संपूर्ण मृत्युपत्र वाचून घेतले आणि गाडीतून एक फेरी मारली.)

ठिकाण: वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५