बोंबलाच्या बर्फावर जमलेली सोयरीक

चौल, वैशाखातली भर दुपार
(कागदावर डाग दिसल्यास तो घाम समजावा, अश्रू नव्हेत.)

श्री. धनेशशेठ यांस अनंताचा रामराम.

आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि आपल्या सगळ्या ट्रकांचे टायर ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही तिघेही खुशाल. आपली बहीण कमळ नेहमीसारखी माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे. फोन सोडून पत्र का, असे आपण विचाराल. फोन केला की आपण 'गाडीत आहे, मागून करतो' म्हणता आणि ते मागून कधीच येत नाही. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (ठेवलेत तरी मला कळणार नाही, हा त्याचा दुसरा फायदा.) आपल्या भाचीचे, आमच्या रुचिताचे, लग्न ठरल्याचे आपल्याला मुलाकडून, उलव्याहून, कळले असेलच. ते कसे ठरले हे मात्र माझ्याच तोंडून ऐका. एसीवाचून ठरले! हे वाक्य वहिनींना मोठ्याने वाचून दाखवावे.

स्थळ आपणच सुचवलेत, त्याबद्दल जन्मभर ऋणी आहे. पण सुचवताना जे बोललात तेही मी विसरलेलो नाही. मुलाकडे खोलीखोलीत एसी आहे, मितेश गारव्यात वाढलेला मुलगा आहे, आणि हे लोक उन्हाळ्यात घर बघायला आले नि घामाने भिजून परत गेले तर सोयरीक मोडलीच समज, असे आपण दिवाळीत आमच्याच ओटीवर बसून, आमचीच चकली खात सांगितलेत. एवढ्यावर न थांबता, नव्या वर्षात सरकार एसीचे वीजबचतीचे तारे बदलणार आहे, आत्ताच घेऊन टाक, असाही सल्ला दिलात. मी हसलो. तारे बदलायला सरकार म्हणजे काय ज्योतिषी आहे? तरी डिसेंबरात मी एक एसी बघून ठेवला आणि आणायला निघालोच होतो, पण कमळने अडवले. पौष लागला होता आणि पौषात नवी वस्तू घरात आणायची नाही, हा आपल्याच आईचा नियम आहे. (तेव्हा पुढच्या सगळ्या प्रकाराला आपले माहेर, म्हणजे कमळचे माहेर, म्हणजे आपणच जबाबदार आहात.) मग म्हटले, पाडव्याला घेऊ. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, कुणाचे काही म्हणणे उरणार नाही.

पाडव्याला नवा सदरा घालून अलिबागच्या बाजारात परेशभाईच्या दुकानात गेलो. तिथे डिसेंबरात बघून ठेवलेला पाच ताऱ्यांचा एसी चार ताऱ्यांचा होऊन बसला होता. मी विचारले, हा आजारी होता काय? परेशभाई म्हणाले, मशीन तेच आहे शेठ, परीक्षा कठीण झाली. बरे, नव्या परीक्षेत पाच तारे मिळवलेला हुशार एसी दाखवा म्हटले, तर त्याची किंमत ऐकून मला तिथेच, न लावताच, गार वाटले. मी वायरमनला विचारले. तो म्हणाला, एसी लावायचा तर आधी मीटरचा भार वाढवून घ्या, त्याला अर्ज करा. त्यात पेपरात वाचले की एसी वीसच्या खाली जाऊच द्यायचा नाही असा सरकारचा विचार चालू आहे. म्हणजे पैसे आपले, घर आपले, घाम आपला, आणि गारवा किती घ्यायचा ते दिल्लीने सांगायचे! मी परेशभाईंना रामराम केला आणि येताना टेबलफॅन घेऊन आलो. त्यालाही मुहूर्त लागलाच की.

आता मुख्य संकट ऐका. अधिक महिना लागायच्या आत बघून जातो, असा उलव्याहून निरोप आला आणि त्याच आठवड्यात फ्रीजने मान टाकली. आपण आमच्या लग्नात दिलेला फ्रीज, त्याला नावे ठेवणार नाही. मिस्त्री आला, मागून वाकून बघितले आणि म्हणाला, ह्याच्यात चालणारा जुना गॅस सरकारने बंद करत आणलाय, आणि नवा गॅस ह्या मशीनला चालत नाही. मी म्हटले, मग मी काय करायचे? तो म्हणाला, ह्यात कपडे ठेवा. कमळ रडायला आली. व्याही येणार, त्यांच्यापुढे पापलेट ठेवायचे, आणि घरात गार काहीच नाही, माणसेसुद्धा. पोरीचे लग्न गॅसपायी मोडते की काय, असे खरे सांगतो, मलाही वाटू लागले.

अशा वेळी मित्र कामाला येतो. रेवदंड्याचा बुधाजी, ज्याची होडी आपल्याला चालते पण ज्याची गाणी चालत नाहीत, तो पहाटे मासळी घेऊन आला आणि सोबत होडीच्या खणात उरलेला सगळा बर्फ टेम्पोत टाकून आणला. थर्माकोलच्या पेटीत पापलेट निजवले तरी बर्फ उरला. तेव्हा मला ती कल्पना सुचली. हळदीच्या जेवणाचा मोठा टोप माळ्यावरून काढला, त्यात बर्फ भरला, मागे टेबलफॅन लावला आणि घरात अशी गार झुळूक सुरू झाली की परेशभाईचे सगळे तारे फिके पडावेत. रुचिता म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना सांगा, पोरगीपण बर्फातच ठेवलीये, ताजी हाय." (ही जीभ तिने आपल्या बहिणीकडून घेतली.) एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. खणात त्या बर्फाखाली रात्रभर बोंबील होते. आमच्या नाकांना बोंबलाचा वास हा वासच वाटत नाही, ते कोण सांगणार?

सांगितले ते मांजरांनी. पाहुणे गाडीतून उतरले तेव्हा आळीतली यच्चयावत मांजरे आमच्या खिडकीत बसली होती. मितेशची आई, केसरबाई, पुढे आल्या, उंबऱ्यात थांबल्या आणि त्यांनी नाक वर करून हुंगले. त्या क्षणी मला सगळे कळले. कमळने माझ्याकडे जसे बघितले ते मी इथे लिहीत नाही. पाहुणे बसले. आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, वास जागच्या जागी उभा राहिला. मी देवाला म्हटले, आता तूच बघ. पण रुचिता उठली, स्वयंपाकघरातून सूप आणले आणि टोपाशी बसून, भात पाखडावा तसा, पाहुण्यांवर वारा घालू लागली.

केसरबाई म्हणाल्या, "पोरी, टोप जरा माझ्याकडं सरकव. किती वर्सांनी घरी आल्यावानी वाटलं."

धनेशशेठ, त्या मूळच्या आगरदांड्याच्या, मासळीच्या बंदरावरच्या! त्यांच्या घरी म्हणे एसीमुळे खिडक्या बंद. एकदा गॅलरीत बोंबील वाळत घातले तर सोसायटीची नोटीस आली. "मी तिकडं फ्रीजमधल्या भाजीवानी राहते," असे त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. कमळही पुसू लागली. मी वर बघत बसलो. मग त्यांनी रुचिताला एकच प्रश्न विचारला, की आमच्याकडे आलीस तर खिडकी उघडशील ना गं? रुचिता म्हणाली, "उघडीन. वास आला म्हणून कोण भांडायला आलं तर त्याला जेवायला बसवीन." तिथल्या तिथे साखर वाटली. आणि गारव्यात वाढलेला मितेश? तो टोपासमोर खुर्चीत घोरत होता. त्याला उठवून सांगावे लागले की तुझे लग्न ठरले.

तर तारे, गॅस, मीटर आणि आपला सल्ला एका बाजूला, नि मी एका बाजूला. जिंकलो! वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा आणि केसरबाईंचा व्याही,
अनंता

ता. क. जूनपासून मासेमारी बंद, बुधाजीची होडी वर ओढली जाणार, म्हणजे बर्फ संपला. आपण ऑफिसातला जुना एसी काढणार आहात असे ऐकतो. चौलकडे रिकामा ट्रक येत असल्यास त्यात टाकावा. आधी त्यात कोणता गॅस आहे ते बघावे.

ता. क. हे मी मागितले असे कमळला सांगू नये. भावाने प्रेमाने पाठवला असे म्हणावे.

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलंन, तवा सगळं वाचलं. एसी पाठवू नको. उकडतं म्हणून आमी तिघं रोज ओटीवर झोपतो, नि रुचिता झोप येईपर्यंत बोलत असते. एसी आला का ती आत जाईल, दार लावील. तुळशीचं लगीन झालं का तिचं लगीन हाय. तवर आमाला उकडूंदे. मग पाठव. तवा दार बंद असलं तरी चालंल.
— कमळ